सर्वेअर तयार होतो कुठे?

मुंबईत एखाद्या कामासाठी सर्वेअर हवा अशी जाहिरात दिली, तर अर्ज ढिगाने येतात. आयटीआयवाले येतात, सिव्हिलचा डिप्लोमा झालेले येतात, पदवीधरही येतात. त्यातल्या बहुतेकांना टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारे यंत्र, लावता येते, रोव्हर हा उपग्रहांवरून जागा सांगणारा काठीवरचा रिसीव्हर धरून पॉइंट घेता येतो, ऑटोकॅडमध्ये नकाशा काढता येतो. तरीही मेट्रोचे, बोगद्याचे, पुनर्विकासाचे काम घेतलेल्यांची तक्रार एकच असते: माणूस मिळत नाही. त्यांना असा माणूस हवा असतो, ज्याने दिलेल्या बिंदूवर कॉलम ओतला तर नंतर फोडायची वेळ येणार नाही. आकडा चुकीचा वाटला तर तो काम थांबवेल, आणि का थांबवले ते फील्डबुक, म्हणजे साइटवरच्या मापांची वही, उघडून दाखवेल.

असा सर्वेअर नुसत्या वर्गात बसून होत नाही. साइटवर, जाणत्या माणसाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढल्यावर तो तयार होतो. ती चार-पाच वर्षेच आपण निविदांमधून, भरतीच्या नियमांमधून आणि अभ्यासक्रमांमधून काढून टाकली आहेत. आजच्या टंचाईचे मूळ तिथे आहे. आयटीआयच्या जागा वाढवल्या, आणखी यंत्रे घेतली, तरी ती भरून निघणार नाही.

मागणी किती आहे ते आधी पाहू. कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही साडेतेहेतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, म्हणजे तिथली अनुभवी माणसे मोकळी झाली असे वाटेल. पण तोवर बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा, ज्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात, गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे राष्ट्रीय उद्यानाखालचे जुळे बोगदे, ठाणे–बोरिवली बोगदा, ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह अशी कामे उभी राहिली. त्याशिवाय उपनगरात गल्लोगल्ली सोसायट्यांचा पुनर्विकास चालू आहे. प्रत्येक ठिकाणी हद्द, पातळी आणि लाइनआउट, म्हणजे बांधकामाच्या जागेची जमिनीवरची आखणी, लागते. आणि पाच-सात वर्षांचा अनुभव पाठीशी असलेल्या माणसाला दुबई, दोहा, रियाध इथून बोलावणे येते, तो जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता या कामातली अवघड गोष्ट नेमकी कोणती, ते जवळून बघू. यंत्र चालवणे आणि सर्वे करणे यांतले अंतर त्यातूनच कळते.

मुंबईत उंची मोजायची तर शून्य कुठे धरायचे, याला एक उत्तर नाही. महापालिकेच्या पर्जन्यजल वाहिन्या, रस्ते, इमारतींच्या जोत्याची पातळी हे सगळे टाउन हॉल डेटमवर चालते; डेटम म्हणजे शून्य धरलेली पातळी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे बेंचमार्क, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणा, सरासरी समुद्रसपाटीवरून आहेत. बंदराची आणि खाडीतली कामे चार्ट डेटमवर, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्यावर, होतात. टाउन हॉल डेटमचे शून्य सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे २४ मीटर खाली आहे, चार्ट डेटमचे सुमारे अडीच मीटर खाली. म्हणून पालिकेच्या नकाशावर २८ मीटर लिहिलेली जमीन दुसऱ्या नकाशावर ४ मीटर दिसते. दोन्ही आकडे बरोबर असतात. त्यात रोव्हर आला. उपग्रहावरून येणारी उंची समुद्रावरून मोजलेली नसतेच. ती पृथ्वीच्या गणिती आकारावरून, म्हणजे इलिप्सॉइडवरून असते, आणि मुंबईत तो पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या साठ मीटरहून जास्त वर आहे. त्यामुळे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या रोव्हरवर उंची उणे साठाच्या पलीकडची येते. हा उणे आकडा पाहून यंत्र बिघडले असे समजणारे पदवीधर आजही साइटवर येतात. त्याहून धोक्याचा तो, जो कुठल्या तरी सेटिंगमधून जिऑइड मॉडेल, म्हणजे ती उंची समुद्रसपाटीवर आणणारे गणित, लावतो, आकडा अधिक चिन्हाचा झाला म्हणून समाधान मानतो, आणि जवळच्या बेंचमार्कवर ताडून न पाहता पुढे जातो. मॉडेल आणि जागेवरचा बेंचमार्क यांत काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटरचा फरक निघू शकतो. गटाराला १:५०० उतार द्यायचा असेल तर शंभर मीटरला २० सेंटिमीटर मिळतात. त्याहून मोठी चूक उंचीत असली की पाणी उलटे वाहते, आणि ते पावसाळ्यातच कळते.

आडव्या मापाचेही असेच आहे. रोव्हर आणि सॉफ्टवेअर सहसा यूटीएम या जगभरच्या नकाशा-ग्रीडच्या झोन ४३ मध्ये निर्देशांक देतात. त्या झोनचा मध्य रेखांश ७५ अंश पूर्व, आणि मुंबई त्याच्या दोन अंशांहून अधिक पश्चिमेला. पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग सपाट ग्रीडवर आणताना इथे माप ताणले जाते. कुलाब्याला जमिनीवरचा एक किलोमीटर ग्रीडवर साधारण २५ सेंटिमीटर जास्त भरतो. ठाण्याकडे जाता जाता हा फरक १६ सेंटिमीटरपर्यंत उतरतो. एका सोसायटीच्या भूखंडावर ते जाणवत नाही. दहा किलोमीटरच्या बोगद्यात मात्र दीड-दोन मीटरचा फरक पडतो, आणि दोन्ही तोंडांकडून येणारी कामे जुळवायची मुभा काही सेंटिमीटरचीच असते. म्हणून मोठ्या प्रकल्पांना स्वतःचे स्थानिक ग्रीड असते. ग्रीडचे अंतर आणि जमिनीचे अंतर वेगळे, हे ज्याला माहीत नाही तो टोटल स्टेशनने मोजलेले आणि रोव्हरने घेतलेले बिंदू एकाच फायलीत टाकतो. फाइल कुठेही अडत नाही, रेषा छान दिसतात. चूक कळते ती सहा महिन्यांनी.

तिसरी गोष्ट अगदी छोटी आहे. टोटल स्टेशनचा किरण परत पाठवणाऱ्या प्रिझमला स्थिरांक, म्हणजे अंतरात धरायची ठरलेली दुरुस्ती, असतो: काही कंपन्यांच्या प्रिझमचा शून्य, काहींचा उणे ३० मिलिमीटर. भाड्याने आणलेल्या यंत्राबरोबर भलत्याच कंपनीचे प्रिझम आले आणि सेटिंग बदलले नाही, तर प्रत्येक अंतर ३० मिलिमीटरने चुकते, मग अंतर पाच मीटर असो की पाचशे. एकाच स्टेशनवरून इमारतीचा लाइनआउट दिला, तर शेजारशेजारच्या दोन कॉलमांमध्ये टेप टाकून काहीच दिसत नाही, कारण दोन्ही जवळजवळ सारखेच सरकलेले असतात. स्टेशनच्या विरुद्ध बाजूंच्या कॉलमांमध्ये मात्र ६० मिलिमीटर फरक पडतो. जाणता सर्वेअर काम सुरू करण्याआधी माहीत असलेल्या दोन बिंदूंमधले अंतर मोजून पाहतो, मिनिटभराचे काम. लेव्हल हे पातळी मोजायचे यंत्र घेऊन निघण्याआधी तो साठ मीटरवर दोन खुंट्या ठोकतो, यंत्र बरोबर मध्ये लावून दोन्हींवर वाचन घेतो, मग एका खुंटीजवळ लावून पुन्हा घेतो. मध्ये लावल्यावर यंत्राचा दोष दोन्ही बाजूंना सारखा पडून निघून जातो, टोकाला लावल्यावर तो उघडा पडतो. दोन फरक जुळले नाहीत तर ते यंत्र त्या दिवशी कामावर जात नाही. यालाही वीस मिनिटांहून जास्त लागत नाहीत. आणि सकाळी ज्या बेंचमार्कवरून निघाला, त्याच्यावरच किंवा दुसऱ्या माहीत असलेल्या बेंचमार्कवर तो परत येऊन बंद करतो. साध्या कामात ही बंद चूक, म्हणजे परत आल्यावर उरलेला फरक, मिलिमीटरमध्ये किलोमीटरच्या वर्गमुळाच्या बारा पटींत बसावी लागते, म्हणजे चार किलोमीटरला २४ मिलिमीटर.

हे सगळे पुस्तकात आहे, परीक्षेत लिहून गुणही मिळतात. पण शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, काँक्रीटचा मिक्सर गेटवर उभा असताना, प्रोजेक्ट मॅनेजर घड्याळ दाखवत असताना, ‘बंद होत नाही, पुन्हा घेतो’ असे म्हणायला पुस्तक पुरत नाही. वरिष्ठ सर्वेअर तसे म्हणतो आणि ऐकून घेतले जाते, हे ज्याने कनिष्ठ असताना पाहिले आहे, त्यालाच ते पुढे जमते. कौशल्य म्हणायचे ते याला.

पूर्वी ही शिडी आपोआप होती. पोरगा चेनमन म्हणून लागायचा, साखळी ओढायचा, मग स्टाफ, म्हणजे मापाच्या खुणांची उभी पट्टी, धरायचा. स्टाफ तिरका धरला की लेव्हलवाला ओरडायचा, आणि तिरक्या स्टाफवर वाचन नेहमी जास्तच येते हे त्याच्या डोक्यात पक्के बसायचे. मग लेव्हलवर डोळा, मग कोन मोजायचे थिओडोलाइट, मग गणना. एका पार्टीत चार-पाच माणसे असायची आणि प्रत्येक जण वरच्याचे काम बघत असायचा. टोटल स्टेशनने पार्टी दोघांची केली, रोव्हरने एकाची. यंत्रांनी काम वेगवान केले हे चांगलेच झाले. जुन्या दिवसांचे गोडवे गायचे कारण नाही. मात्र शिकाऊ माणूस जिथे उभा राहायचा ती जागा त्याबरोबर गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा कोणी तयार केली नाही.

ती जागा परत आणणे निविदेतून शक्य आहे, आणि म्हणूनच निविदेबद्दल सविस्तर बोलायला हवे. बहुतेक बांधकाम कंत्राटांत खोदाई, काँक्रीट, लोखंड, शटरिंग यांचे दर बाबनिहाय असतात. सर्वे सहसा तिथे नसतोच. ‘कंत्राटदाराने स्वखर्चाने आवश्यक ते सर्वेक्षण करावे’ असे एक वाक्य सर्वसाधारण अटींत असते. पैसे ज्याचे वेगळे मोजले जात नाहीत त्याची काटछाट सर्वांत आधी होते. मुख्य कंत्राटदार ते काम उपकंत्राटदाराला देतो, तो ‘मशीन आणि ऑपरेटर’ असे रोजाने किंवा महिन्याने घेतो. ऑपरेटरला रोज मिळतो. दुसऱ्यांदा घेतलेल्या वाचनाला, बंद केलेल्या ट्रॅव्हर्सला (मोजत नेलेल्या बिंदूंच्या साखळीला), यंत्राच्या तपासणीला काहीच मिळत नाही. उलट तपासणीत गेलेला तास हा वाया गेलेला तास धरला जातो. अशा रचनेत प्रामाणिक माणूसही दोन वर्षांत घाई शिकतो. आणि शिकाऊ माणसाचा पगार कोण देणार हा प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण त्याच्यासाठी ओळच नसते.

महापालिका, एमएमआरडीए, सिडको, म्हाडा, मेट्रोची कंपनी हे मुंबई परिसरातले मोठे मालक आहेत. त्यांनी आपल्या निविदांत सर्वे ही स्वतंत्र, मोजून पैसे मिळणारी बाब केली, तर चित्र फार लवकर बदलेल. त्या बाबीत चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. कंट्रोल पॉइंट, म्हणजे बाकीची मापे ज्यांवरून घेतात ते पक्के बिंदू, किती, कुठे, कोणत्या खुणेचे, आणि दर किती महिन्यांनी फेरमोजणी. लाइनआउट देणारा एक आणि तो तपासणारा दुसरा, दोघांच्या सह्या, दोघे वेगवेगळ्या पगारपत्रकांवर. यंत्रांचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र तर हवेच, शिवाय साइटवरच्या चाचणीची तारीखवार नोंद. आणि दर तीन सर्वेअरमागे एक शिकाऊ, ज्याचे विद्यावेतन याच बाबीतून निघेल. खर्च वाढेल, ही हरकत येणार. पण बांधकामाच्या एकूण किमतीत सर्वेचा वाटा फार लहान असतो, आणि चुकीच्या जागी ओतलेला एक पाइल कॅप (पायाच्या खांबांवरचा काँक्रीटचा ठोकळा) फोडून पुन्हा करण्यात जे जाते ते त्याच्या कितीतरी पट असते. फोडण्याचा खर्च निविदेत दिसत नाही म्हणून तो नसतो असे नाही.

शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा नव्याने करावा लागत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचेच आहेत. हा आकडा सहसा ऑफिसातल्या डेटा एंट्रीच्या किंवा इतर सोप्या ट्रेडच्या मुलांनी भरून काढला जातो. सर्वेअर शिकाऊ महाग पडतो, त्याला साइटवर न्यावे लागते, सुरक्षेची साधने द्यावी लागतात, वरिष्ठाचा वेळ जातो. म्हणून सार्वजनिक कामांत ट्रेड नेमून द्यायला हवा.

नकाशा आणि जमीन यांची गाठ घालण्यात माणूस कमी पडला तर काय होते, हे मुंबईने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात इतक्या चुका निघाल्या, रस्ते इमारतींवरून गेलेले, वास्तूंचे वापर चुकीचे दाखवलेले, की एप्रिलमध्ये तो पुन्हा तपासून करण्याचा आदेश निघाला. कार्यालयात बसून पडद्यावर रंगवलेली माहिती पायी फिरून तपासली गेली नाही की असे होते. पातळीचे महत्त्व शहराला कळले ते अंधेरीत. गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल त्याच्याशी जुळत नव्हता. तो सर्वेअरचा दोष नव्हता. रेल्वेच्या हद्दीत पूल जास्त उंच बांधावा लागला होता. पण मग बर्फीवाला पूल एका बाजूने १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलून जोडला गेला, आणि ते काम मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या माणसांवाचून झाले नसते. जॅक उचलतो, किती उचलायचे आणि सगळ्या खांबांवर सारखे उचलले गेले का, हे सर्वेअर सांगतो.

भुयारी कामांतली देखरेख हा तर स्वतंत्र विषय आहे. फोर्ट-गिरगावातल्या जुन्या इमारतींखालून बोगदा जाताना भिंतींवर टार्गेट चिकटवून त्यांची हालचाल सतत वाचली जाते. इथली ठरलेली चूक म्हणजे ज्या संदर्भ बिंदूवरून वाचन घेतो तोच खोदाईच्या परिणामाच्या टापूत असणे. तो खचला तर स्थिर इमारत वर उचलल्यासारखी दिसते, आणि खचणारी इमारत स्थिर दिसते. स्वयंचलित टोटल स्टेशन रात्रंदिवस आकडे पाठवत राहते. संदर्भ बिंदू दूरवर, पक्क्या खडकावरच्या खुणेवरून महिन्यातून एकदा तपासायचा, हे माणसाने ठरवायचे असते. भराव घातलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या शहरात तर हे विसरून चालतच नाही.

आता सरकारी मोजणीकडे वळू, कारण सामान्य माणसाचा सर्वेअरशी संबंध तिथेच येतो. भूमि अभिलेख विभागाने गेल्या काही वर्षांत बरेच केले. राज्यात ७७ ठिकाणी कॉर्स, म्हणजे रोव्हरला सतत दुरुस्ती पुरवणारी, स्टेशने उभी राहिली, रोव्हर आले, ई-मोजणीतून अर्ज आणि नकाशे ऑनलाइन झाले. २०२५ मध्ये भूकरमापकांच्या ९०३ पदांची जाहिरात निघाली. त्यातली २५९ एकट्या कोकण विभागाची, ज्यात मुंबई येते. भरती हवीच होती. पण कशासाठी माणसे घेतली जातात तेही पाहायला हवे. २०२१ च्या भरतीत या पदाचे नाव ‘भूकरमापक तथा लिपिक’ होते आणि उमेदवाराला मराठी-इंग्रजी टंकलेखनाचे प्रमाणपत्र लागत होते. मोजणीला गेलेला माणूस परत येऊन टपाल आणि नोंदवह्याही सांभाळणार, हे त्यात गृहीतच होते. दिवसाचे आठ तास असेच विभागले गेले तर हात बसायचा कधी?

रोव्हरने मोजायला आज महिनाभरात शिकवता येते. अडते ते पुढच्या पायरीवर. हद्द कायम मोजणीत भूकरमापक जागेवरची वहिवाट मोजतो, म्हणजे आज कुंपण, भिंत, बांध जिथे आहे ते. मग मूळ अभिलेख त्यावर बसवायचा असतो. टिपण, फाळणी, गुणाकार बुक, कमी-जास्त पत्रक, शहरात चौकशी नोंदवही आणि मिळकत पत्रिका हे सगळे मोजणीचे जुने कागद वाचून, जुन्या नकाशातल्या कोणत्या खुणा अजून जागेवर आहेत ते शोधून, त्यांच्या आधाराने. जुने माप ३३ फुटांच्या साखळीने, सोळा आण्यांच्या हिशेबाने घेतलेले. नकाशाचा कागद शंभर वर्षांत आक्रसलेला किंवा ताणलेला. तो एका दिशेला जास्त आक्रसला असेल तर दोन खुणांवर नकाशा बसतो आणि तिसरीवर मीटरभर सरकतो. मग कोणत्या खुणेला वजन द्यायचे? इथे सेंटिमीटरची अचूकता असलेले यंत्र काही सांगू शकत नाही. हे निमतानदाराला, म्हणजे मोजणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, कळते, ज्याने शेकडो प्रकरणे तपासली आहेत, ज्याला त्या त्या गावच्या नकाशाचा स्वभाव ठाऊक आहे. अशी माणसे दरवर्षी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्याबरोबर ते वाचन जाते. त्यांना मानधनावर परत बोलावून प्रत्येक नव्या भूकरमापकाला पहिले वर्षभर त्यांच्याबरोबर जोडीने मोजणीला पाठवावे. सही नव्याची, फेरतपासणी जुन्याची. निवृत्तांना चहापानाच्या समारंभात शाल देण्यापेक्षा हा मान मोठा आहे.

मुंबईत याची किंमत थेट पैशांत दिसते. सोसायटीच्या भूखंडाची ६० मीटर लांब बाजू ३० सेंटिमीटर इकडेतिकडे झाली की १८ चौरस मीटर जमीन गेली किंवा आली, आणि पुनर्विकासात त्यावर मिळणारे बांधकाम त्याच्या दुपटी-तिपटीने. मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्र, मानीव अभिहस्तांतरणाच्या (डीम्ड कन्व्हेयन्सच्या) आदेशातले क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र हे तीन आकडे जुळले नाहीत की मंजुरी अडते आणि माणसे भाड्याच्या घरात वर्षानुवर्षे राहतात. कोळीवाडे आणि गावठाणांच्या सीमांकनात तर चुकलेली रेघ पिढ्यांच्या वहिवाटीवरून जाते. तिथे मोजणाऱ्याला कोळ्यांची सुकवणीची जागा, बंदर, वाट यांचा अर्थ कळावा लागतो. ड्रोनच्या छायाचित्रात ती नुसती मोकळी जागा दिसते.

परवानाधारक खासगी भूमापकांना मोजणीत आणण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५ मध्ये केली. कर्नाटकात ही पद्धत बरीच वर्षे आहे. तिला विरोध करावा असे वाटत नाही. प्रलंबित प्रकरणांचा ढीग सरकारी हातांनी एकट्याने उपसला जाणार नाही. पण परवाना कशाच्या बळावर द्यायचा, यावर सगळे अवलंबून आहे. या देशात वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते, सनदी लेखापालाची संस्था त्याची सनद काढून घेऊ शकते. जमीन मोजणाऱ्याला देशपातळीवर असे काहीच नाही; उद्या कोणीही यंत्र भाड्याने घेऊन सर्वेअरची पाटी लावू शकतो. त्यामुळे परवान्यासाठी लेखी परीक्षेबरोबर जागेवरची परीक्षा हवी: उमेदवाराला एक खरे जुने प्रकरण, त्याचे अभिलेख आणि दोन दिवस द्यावेत, आणि त्याने बसवलेली हद्द विभागाने आधी ठरवलेल्या हद्दीशी ताडावी. त्याआधी दोन वर्षांची उमेदवारी सक्तीची. परवाना मिळाल्यावर त्याच्या कामातली काही प्रकरणे न सांगता निवडून फेरमोजणी व्हावी, आणि चुकांची नोंद परवान्याच्या नूतनीकरणात दिसावी. हे न करता परवाने वाटले, तर खटल्यांचा ढीग मोजणी कार्यालयातून उचलून दिवाणी न्यायालयात नेऊन ठेवल्यासारखे होईल.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पदवीच्या चार वर्षांत सर्वेक्षण एखाद-दोन सत्रांत संपते. एका यंत्रामागे दहा-बारा मुले. एक वाचन घेतो, एक लिहितो, बाकीचे सावली शोधतात. मुली असतील तर त्यांच्या हाती फील्डबुक दिले जाते आणि ट्रायपॉड मुले उचलतात. तीच विभागणी पुढे नोकरीत येते, आणि निम्मे मनुष्यबळ साइटच्या बाहेर राहते. साइटवर स्वच्छतागृह नाही, रात्रपाळीला येण्याजाण्याची सोय नाही, ही कारणे खरी आहेत. पण ती दूर करणे मालकाच्या हातात आहे. आयटीआयमध्ये जुनी यंत्रे आहेत अशी ओरड होते. जुने थिओडोलाइट ठेवावेच. कोन हाताने वाचून, दुर्बीण उलटवून दोन्ही फेसवर घेऊन, सरासरी काढणाऱ्याला टोटल स्टेशनच्या आत काय चालते ते कळते. नव्या यंत्रांसाठी प्रत्येक संस्थेने खरेदी करण्यापेक्षा माटुंगा-अंधेरी-पवई पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी आणि आयटीआयनी मिळून एक सराव मैदान चालवावे: पक्क्या खांबांवर बसवलेली मोजलेली बेसलाइन, आठ-दहा बेंचमार्क, एक बंद ट्रॅव्हर्स. तिथे साइटवरच्या यंत्रांचीही चाचणी फी घेऊन करता येईल, म्हणजे देखभालीचा खर्च निघेल. आणि मुलांना शिकवणारे साहित्य मराठीत हवे. जिऑइड, ग्रीड, स्केल फॅक्टर हे शब्द तसेच ठेवा, पण ते काय करतात हे आयटीआयच्या मुलाला इंग्रजीतून का कळावे?

ड्रोन आणि लेझर स्कॅनर आल्यावर सर्वेअरची गरजच संपेल, असे म्हणणारे भेटतात. ड्रोनच्या छायाचित्रांतून अचूक नकाशा होण्यासाठी जमिनीवर मोजलेले कंट्रोल पॉइंट लागतात, आणि अचूकता किती आली ते सांगण्यासाठी गणनेत न वापरलेले वेगळे तपासणी बिंदू. गावठाणांच्या स्वामित्व योजनेतही ड्रोन उडण्याआधी चुन्याने हद्दी आखाव्या लागल्या, कारण कोणाची भिंत कुठवर हे ड्रोनला दिसत नाही. भुलेश्वरच्या गल्लीत उपग्रह दिसत नाहीत, काचेच्या टॉवरांच्या मध्ये सिग्नल परावर्तित होऊन रोव्हर ‘फिक्स’, म्हणजे जागा पक्की सापडली असे, दाखवतो आणि दहा-वीस सेंटिमीटर भलतीकडे उभा असतो. तो फिक्स खोटा आहे हे ओळखण्याची रीत एकच: रोव्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा, वेगळ्या वेळी तोच बिंदू घ्यायचा, आणि शेजारून टोटल स्टेशनने ताडायचा. जितकी माहिती जास्त आणि जितकी ती लवकर येते, तितकी ती तपासणाऱ्याची गरज वाढते.

एक काम महापालिका या वर्षीच करू शकते. मुंबईत प्रत्येक प्रकल्प आपापले कंट्रोल पॉइंट बसवतो, काम संपले की फाइल बंद होते, फुटपाथचे ब्लॉक बदलताना खुणा उखडल्या जातात, आणि पुढचा प्रकल्प पुन्हा शून्यातून सुरू होतो. काम संपताना कंट्रोल पॉइंटची यादी, प्रत्येकाचे निर्देशांक, टाउन हॉल डेटम आणि समुद्रसपाटी या दोन्हींवरची पातळी, खुणेचे छायाचित्र आणि मोजणीची तारीख पालिकेकडे जमा केल्याशिवाय अंतिम देयक निघू नये, आणि ती यादी सगळ्यांना खुली असावी. दर पावसाळ्यानंतर आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांच्या तुकड्यांनी, सोबत एक निवृत्त भूकरमापक किंवा सर्वेअर घेऊन, आपापल्या वॉर्डातले बेंचमार्क पुन्हा मोजावेत आणि हललेले, हरवलेले यादीत नोंदवावेत. त्यांना त्याचे मानधन द्यावे आणि हे काम त्यांच्या उमेदवारीच्या महिन्यांत धरावे.